मंदी, सोशल मीडिया आणि आपल्या गप्पांचा खर्च

ओसरी (धागाकर्ती) · शुक्रवार, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी,

जाहिरात एजन्सीत मीडिया प्लॅनिंग करता करता मला बावीस वर्षं झाली. कुठल्या क्लायंटने कुठल्या पेपरात, कुठल्या वाहिनीवर, कुठल्या साइटवर किती पैसे घालायचे याचे तक्ते करायचे, हे माझं काम. २००८ च्या दिवाळीआधीची एक मीटिंग अजून डोळ्यांसमोर आहे. १५ सप्टेंबरला अमेरिकेत लेहमन ब्रदर्स ही बडी गुंतवणूक बँक बुडाली होती आणि महिनाभरात तिची धग मुंबईतल्या आमच्या कॉन्फरन्स रूमपर्यंत पोचली होती. क्लायंटच्या साहेबांनी आमचा तक्ता पुढ्यात ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि एकेक ओळ खोडत खाली आले. पहिल्या पानाची जाहिरात गेली. हायवेवरची होर्डिंगं गेली. रेडिओ निम्म्यावर आला. सगळ्यात तळाला डिजिटलची एक बारीकशी ओळ होती. रक्कम इतकी किरकोळ की आम्हीही ती शेवटी, उरलेल्या पैशांतून भरायचो. तिथे पेन थांबलं. "यात किती जणांनी क्लिक केलं ते कळतं ना? मग हे असू दे."

गेल्या आठवड्यात जुन्या फायली आवरताना तोच तक्ता हाताला लागला आणि तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये. सोशल मीडियाचं आजचं रूप भरभराटीच्या वर्षांत कमी आणि हात आखडलेल्या वर्षांत जास्त घडलं, असं माझं ठाम मत होत चाललंय.

जरा मागे जाते. मार्च २००० मध्ये नॅसडॅक हा अमेरिकेतल्या टेक कंपन्यांचा शेअर निर्देशांक ५,०४८ वर होता, ऑक्टोबर २००२ मध्ये तो १,११४ वर आला. त्या पडझडीत अमेरिकेतला इंटरनेट जाहिरातींचा धंदा सुमारे ८१० कोटी डॉलरवरून ६०० कोटींवर घसरला. कारण सरळ होतं. डॉटकॉम कंपन्या गुंतवणूकदारांच्या पैशांतून एकमेकींच्या साइटवर बॅनर लावत होत्या. पैसा आटला तेव्हा जाहिरात देणारा आणि घेणारा एकदमच बसला. ब्लॉगर ही ब्लॉग लिहायची साइट चालवणाऱ्या पायरा लॅब्जकडे जानेवारी २००१ मध्ये पगाराला पैसे उरले नाहीत, सगळी टीम गेली आणि इव्हान विल्यम्स कित्येक महिने एकटा ती साइट चालवत राहिला. याच काळात, फेब्रुवारी २००२ मध्ये, गूगलने क्लिकवर बोली लावायची पद्धत आणली. नुसती जाहिरात दिसली तर पैसे नाहीत, माणूस आत आला तर पैसे. खिसा फाटलेल्या जाहिरातदाराला हीच भाषा हवी होती. पुढच्या वर्षी गूगलने ब्लॉगरही घेतलं.

मार्च २००८ मध्ये गूगलच्या जाहिरातविक्रीचं काम सांभाळलेल्या शेरिल सँडबर्ग फेसबुकमध्ये गेल्या. सहा महिन्यांत जग कोसळलं. आता हे बघा. २००९ मध्ये अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांचं छापील जाहिरातींचं उत्पन्न एका वर्षात पाव हिश्श्याहून जास्त घटलं. इंटरनेट जाहिरात २,३४० कोटी डॉलरवरून २,२७० कोटींवर आली, म्हणजे जेमतेम तीन टक्के कमी. आणि फेसबुकचा महसूल २००८ मध्ये २७.२ कोटी डॉलर होता, तो २००९ मध्ये ७७.७ कोटी झाला आणि २०१० मध्ये १९७ कोटी.

माझ्या क्लायंटने जे पेन थांबवलं ते जगभर थांबलं होतं. मंदीत जाहिरातदार हिशोब मागतो. हिशोब द्यायचा तर माणूस काय बघतो, कुठे थबकतो, काय विकत घेतो यावर नजर ठेवावी लागते. आज आपण ज्या पाळतीबद्दल बोलतो ती कुणाच्या दुष्ट स्वभावातून आली असं मला वाटत नाही. ती टंचाईत रुजली आणि सुगीत फोफावली. मी स्वतः ते तक्ते केलेत, तेव्हा यात माझाही हात आहे हे मनापासून मान्य करते.

२०२२-२३ ची मंदी तर आपण सगळ्यांनी पाहिली. त्यात या कंपन्यांनी काय खोडलं आणि काय ठेवलं, हे तुमच्या अनुभवातून ऐकायचंय. लाँग वीकेंड आहे, सविस्तर लिहा.


आकडेमोड · शुक्रवार, रात्री ११.०२

ओसरीताई, मांडणी आवडली, पण एका शब्दाला हरकत घेतो. २०२२ मध्ये अमेरिकेत मंदी अधिकृतपणे कधी जाहीरच झाली नाही. जे झालं ते व्याजाचं. मार्च २०२२ पर्यंत फेडरल रिझर्व्हचा, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेचा, व्याजदर जवळपास शून्य होता, जुलै २०२३ मध्ये तो ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर गेला.

हे किचकट वाटतं म्हणून घरगुती उदाहरण देतो. बँकेत ठेव ठेवून काहीच मिळत नसेल तर माणूस मेहुण्याच्या हॉटेलातही पैसे घालतो. "दोन वर्षं तोटा झाला तरी चालेल, पुढे चालेल तुझं," म्हणतो. ठेवीवर चांगलं व्याज सुरू झालं की तोच माणूस दर महिन्याला गल्ला मोजायला येऊन बसतो. सोशल मीडिया कंपन्यांचं नेमकं हेच झालं. दहा-बारा वर्षं आपण जे फुकट वापरलं, त्यात या स्वस्त पैशाचा मोठा वाटा होता.

ट्विटरचं उदाहरण सगळ्यात बोलकं. एप्रिल २०२२ मध्ये इलॉन मस्कशी ४,४०० कोटी डॉलरला सौदा ठरला, ऑक्टोबरअखेरीस तो पुरा झाला. त्यातलं सुमारे १,३०० कोटींचं कर्ज खुद्द कंपनीच्या डोक्यावर बसलं. आठवडाभरात साडेसात हजारांतल्या निम्म्या लोकांना नारळ दिला, भारतातल्याही बहुतेकांना. मग ओळख पटल्याची निळी खूण विकायला काढली, फेब्रुवारी २०२३ मध्ये फुकटचं एपीआय (दुसऱ्या ॲपना ट्विटरशी जोडणारी सोय) बंद करायचं जाहीर केलं. मालकाच्या स्वभावावर लोक पानंच्या पानं लिहितात, पण व्याजाचा हप्ता कोणाच्याही मानगुटीवर बसला असता.

आणि मेटाच्या, म्हणजे फेसबुकच्या कंपनीच्या, बाबतीत ॲपल विसरू नका. एप्रिल २०२१ मध्ये आयफोनने माग काढण्याआधी परवानगी विचारायला लावली. त्यामुळे २०२२ मध्ये सुमारे १,००० कोटी डॉलरचा फटका बसेल, असं मेटाने स्वतःच सांगितलं. म्हणजे तुम्ही म्हणता तो हिशोब देण्याची ताकदच कमी झाली, आणि त्याच वर्षी पैसाही महागला.


ओसरी · शुक्रवार, रात्री ११.३०

आकडेमोड, हरकत मान्य. मंदीऐवजी टंचाई म्हणते.

ॲपलचा मुद्दा तर माझ्या बाजूनेच पडतो. २०२२ मध्ये मेटाचा वार्षिक महसूल पहिल्यांदाच घटला, अवघा एक टक्का. तेवढ्यावर नोव्हेंबरमध्ये ११,००० आणि मार्च २०२३ मध्ये आणखी १०,००० माणसं काढायची घोषणा झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये ८७ हजार कर्मचारी होते, २०२३ संपताना ६७ हजार. त्याच वर्षात शेअर जवळजवळ तिप्पट झाला. मला या तिपटीची जास्त धास्ती वाटते. माणसं कमी केली की बाजार खूश होतो, हा धडा त्या एका वर्षात सगळ्या कंपन्यांनी गिरवला. चांगले दिवस परत आले तरी तो धडा पाटीवरून पुसला जात नाही.


दूरदेशी · शनिवार, सकाळी ७.४८

इथे शुक्रवारची रात्र आहे, जेवून लिहायला बसलोय. सॅन होजेजवळ राहतो. २०२३ च्या जानेवारीत माझी नोकरी गेली. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्याला आता अर्थ नाही. पहाटे साडेचारला बायकोने उठवलं, "तुझा लॅपटॉप बंद झालाय का बघ." तिच्या मैत्रिणीच्या नवऱ्याचा झाला होता. माझाही झाला होता.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असणाऱ्याला नोकरी गेल्यापासून ६० दिवस मिळतात. ही सवलतसुद्धा जानेवारी २०१७ पासूनची, २००८-०९ मध्ये ती नव्हती. साठ दिवसांत नवी नोकरी, नाहीतर सामान बांधा. मुलगी दुसरीत होती. फ्रिजवर कॅलेंडर लावून मी दिवस खोडत होतो. तिने एकदा विचारलं, "बाबा, साठ झाले की आपण ट्रिपला जाणार का?"

सांगायचं ते हे. त्या साठ दिवसांत मी सोशल मीडिया जितका वापरला तितका आयुष्यात वापरला नव्हता. लिंक्डइनवर फोटोभोवती 'नोकरी शोधतोय' सांगणारी हिरवी चौकट लावायला आठवडा गेला, लाज वाटायची. मग तीच चौकट लावलेले कॉलेजचे बारा जण दिसले आणि लाज गेली. नोकरी मात्र तिथून मिळाली नाही. ती मिळाली इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून. गणपतीत एकत्र मोदक वळलेल्या एका काकूंच्या जावयाने रेझ्युमे पुढे ढकलला. बावन्नाव्या दिवशी ऑफर आली.

व्हॉट्सॲप निघालं २००९ मध्ये, ऐन मंदीत. जॅन कूम आणि ब्रायन ॲक्टन दोघे याहूतले. फेसबुकने दोघांनाही नोकरी नाकारली होती. याहूतल्याच जुन्या मित्रांनी मिळून अडीच लाख डॉलर दिले आणि गाडं सुरू झालं. जाहिरात घ्यायची नाही, वर्षाला एक डॉलर घ्यायचा, इतका साधा हिशोब. २०१४ मध्ये ते १,९०० कोटी डॉलरला त्याच फेसबुकने घेतलं. २०१६ मध्ये तो एक डॉलरही माफ झाला आणि आपण सगळे आनंदलो. जून २०२५ मध्ये स्टेटसमध्ये जाहिराती येणार हे जाहीर झालं, तेव्हा मला तो माफ झालेला डॉलर आठवला. मी तो दरवर्षी आनंदाने भरला असता.


कलमबाग · शनिवार, सकाळी ९.२०

मी देवगड तालुक्यातली. घरची आंब्याची कलमं आहेत, मोठी बाग नाही.

एप्रिल २०२० आठवतोय सगळ्यांना. झाडावर आंबा तयार आणि सगळं बंद. वाशी मार्केट मध्येमध्ये बंद, दलाल फोन उचलेना, ट्रकवाला पास मागतोय. आंबा काही लॉकडाऊन संपायची वाट बघत नाही. माझी नणंद पुण्यात कोथरूडला राहते. तिने तिच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, "वहिनींचा आंबा येतोय, कोणाला हवा?" आणि खाली यादी सुरू झाली.

१. ए-१०४, दोन पेट्या
२. ए-२०३, एक पेटी
३. बी-३०२, एक पेटी, थोडा कच्चा चालेल

प्रत्येकाने वरची यादी कॉपी करायची, खाली आपलं नाव घालायचं आणि परत टाकायची. दोघांनी एकदम टाकलं की एकाचं नाव उडायचं. मग नणंद रात्री बसून सगळ्या याद्या ताडून बघायची. बी-३०२ चे आजोबा दोनदा उडाले, तर तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः फोन केला. त्या महिन्यात आम्ही ४१० पेट्या पाठवल्या. पेंढा कमी पडला म्हणून गोठ्यातला काढला. आयुष्यात पहिल्यांदा दलालाशिवाय विकलं आणि आमचा भाव आम्ही ठरवला.

दुसऱ्या वर्षी मुलाने पेज काढलं. दोन हजारांची जाहिरात केली की फोनवर फोन यायचे. २०२२ नंतर तेवढ्याच पैशांत निम्मेही येईनात. मुलगा म्हणाला बजेट वाढव, मी वाढवलं. २०२३ च्या मार्चमध्ये, बरोबर हंगामाच्या तोंडावर, खातं बंद झालं. नियम मोडलात म्हणे. कुठला नियम ते सांगितलं नाही. फॉर्म भरला, फोटो पाठवले, आधार पाठवलं. रोज तेच ठरावीक उत्तर. समोर माणूस आहे की नाही, हेच कळेना. खातं उघडलं १९ जूनला. तोवर आंबा संपून पावसाळा लागला होता.

दलाल कसाही असला तरी पहाटे वाशीला जाऊन त्याच्या गाळ्यावर उभं राहता यायचं. भांडता यायचं. इथे कुणाच्या दारात उभं राहू?


कुंपण · शनिवार, सकाळी १०.०५

कलमबाग ताई, वाचून वाईट वाटलं. ओसरी, ज्या २१ हजारांना काढलं त्यांत असे फॉर्म वाचणारेही गेले असतील का?


गाळणी · शनिवार, दुपारी १२.४०

कुंपण, मी सांगू शकते. मी असे फॉर्म वाचत नव्हते, पण शेजारच्याच टेबलावरचं काम केलंय. एका मोठ्या सोशल मीडिया कंपनीचं मराठी मजकूर तपासायचं काम कंत्राटावर एका दुसऱ्या कंपनीकडे होतं, मी तिथे अडीच वर्षं होते. नावं लिहिणार नाही. आम्ही कागदोपत्री त्या मोठ्या कंपनीचे कर्मचारी नव्हतोच, त्यामुळे बातम्यांमधल्या कपातीच्या आकड्यांत आम्ही मोजलेही गेलो नाही.

मराठीसाठी आम्ही चौदा जण होतो. २०२३ मध्ये कंत्राटाचं नूतनीकरण झालं ते पाच जणांचं. बाकीचं काम यंत्र बघेल असं सांगितलं.

आता यंत्र काय बघतं ते सांगते. "तुझा बाजार उठवतो." ही धमकी आहे हे इथल्या प्रत्येकाला कळतं. यंत्राला त्यात बाजार दिसायचा, म्हणजे खरेदी-विक्रीचा मजकूर. "तुझा घडा भरलाय." त्याला मडकं दिसायचं. उलट कुणीतरी नातवाच्या फोटोखाली "खाऊन टाकीन याला" लिहिलं की ते लाल खुणेसकट आमच्यासमोर यायचं. जातीवरून टोमणे मारायच्या पद्धती तर तालुक्या-तालुक्याला वेगळ्या. एकाच आडनावाच्या उच्चारात तिरस्कार असू शकतो, तो लिहिताना मुद्दाम एक मात्रा चुकवून दाखवतात. लातूरची एक मुलगी आमच्यात होती, तिला ते लगेच कळायचं. त्या नऊ जणांत ती गेली.

एका मराठी पोस्टवरची जाहिरात किती पैसे आणते आणि एका इंग्रजी पोस्टवरची किती, याचं गणित वर कुठेतरी मांडलेलं असतं. सुबत्ता असते तोवर आपली भाषा शोभेला ठेवतात. टंचाई आली की पहिली काट आपल्यावर. कलमबाग ताईंना जे ठरावीक उत्तर येत होतं, त्यामागे त्या दिवशी बहुधा खरंच माणूस नव्हता. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण तिथे मराठी वाचणारं कुणी बसलं असतं तर त्यांचं काम एका दिवसाचं होतं.


आकडेमोड · शनिवार, दुपारी १.१५

गाळणी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्या व्याजदरांच्या आकड्यांत ही लातूरची मुलगी कुठेच नव्हती. लिहिल्याबद्दल आभार.


जुनीवही · शनिवार, दुपारी ४.३३

देशी भाषांच्या देशी कंपन्यांचं काय झालं, तेही या धाग्यात नोंदवायला हवं. ट्विटरसारखं कू मार्च २०२० मध्ये सुरू झालं, पिवळा पक्षी, मराठीतून लिहायची सोय. शेअरचॅट २०१५ पासूनचं, तिथे तर इंग्रजीला जागाच नव्हती. दोन्ही बंगळुरूच्या. पण पैसा कुठला? कूमध्ये टायगर ग्लोबलसारखे बाहेरचे गुंतवणूकदार होते. अमेरिकेत व्याज वाढलं आणि इकडची विहीर आटली. शेअरचॅटने जानेवारी २०२३ मध्ये सुमारे २० टक्के लोक कमी केले. कूने मोठ्या कंपन्यांशी हातमिळवणीच्या वाटाघाटी केल्या, त्या फिसकटल्या, आणि जुलै २०२४ मध्ये ते बंद झालं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मला जास्त लागतं ते वेगळं. साइट बंद होते तेव्हा लिहिलेलं जातं. याहूने १९९९ मध्ये ३५७ कोटी डॉलरचे शेअर देऊन जिओसिटीज घेतलं आणि २००९ च्या ऑक्टोबरात, मंदीच्याच वर्षी, अमेरिकेत ते मिटवून टाकलं. लाखो लोकांची पहिलीवहिली पानं. काही स्वयंसेवकांनी रात्रंदिवस बसून जमेल तेवढी उतरवून घेतली, म्हणून थोडी तरी उरली. मायस्पेस हे फेसबुकच्या आधीचं सोशल नेटवर्क न्यूज कॉर्पने २००५ मध्ये ५८ कोटींना घेतलं, २०११ मध्ये साधारण साडेतीन कोटींना विकलं. २०१९ मध्ये कळलं की सर्व्हर हलवताना बारा वर्षांचं संगीत पुसलं गेलंय.

माझ्या वडिलांनी एका समूहात, आता ती साइट नाही, आमच्या गावच्या जत्रेवर लिहिलं होतं. पालखीचा मार्ग, मानकऱ्यांचा क्रम, तमाशाच्या फडांची नावं, १९६२ सालच्या पुराच्या वेळी देव कुठे हलवले ते. सतरा भाग. टंकायला त्यांना एका बोटाने तीन महिने लागले. वडील २०१३ मध्ये गेले. साइट बंद होणार ही सूचना आली ती त्यांच्या ईमेलवर, आणि तो ईमेल आमच्यापैकी कुणी उघडत नव्हतं.


ओसरी · शनिवार, संध्याकाळी ६.१०

जुनीवही, काय लिहू कळत नाही. भावंडांपैकी किंवा गावातल्या कुणाकडे छापील प्रत, निदान त्यांनी कुणाला पाठवलेला एखादा भाग तरी असेल का?


जुनीवही · शनिवार, संध्याकाळी ६.५२

भाग ४ आणि ११ आत्याकडे मिळाले. तिने प्रिंट काढून देवघरात ठेवले होते. बाकीचे नाहीत.


रीलवाला · शनिवार, रात्री ८.१९

वयाने लहान आहे, वेगळं वाटतं ते लिहितो. आमच्यासारख्यांना ही साधनं नसती तर कोणी विचारलं नसतं. मी बीड जिल्ह्यातला. २९ जून २०२० ला टिकटॉकसकट ५९ ॲप बंद झाली, तेव्हा माझे दोन लाख फॉलोअर एका रात्रीत गेले. परत शून्यातून इन्स्टाग्रामवर उभं केलं. २०२१ मध्ये ब्रँडवाले मागे लागायचे. दोन वर्षांत तेच म्हणायला लागले, पैसे नाहीत, प्रॉडक्ट पाठवतो, व्हिडिओ कर. घरी शाम्पूच्या बाटल्यांची रांग लागली. बाटलीवर किराणा येत नाही हे आईला कसं सांगायचं? पण हे सोडायचं म्हटलं तर गावात दुसरं काय आहे? ऊसतोडीला जायचं नाही म्हणून तर हे धरलं. तुम्ही पाळत म्हणता, खरं असेल. मला मात्र कुणीतरी बघतंय हेच हवं होतं.


ओसरी · शनिवार, रात्री ९.०५

रीलवाला, तुझं म्हणणं मनापासून पटलं आणि तू लिहिलंस ते फार बरं केलंस. त्या शाम्पूच्या बाटल्या पाठवणाऱ्या तक्त्यांवरही माझ्यासारख्याच कुणाची तरी सही असते. मोबदला नसेल तर व्हिडिओ करू नकोस, निदान पहिल्या फोनवर पैशांचा आकडा सांग. नाही म्हणतील ते दोन-तीन, उरलेले घासाघीस करतील. मी समोरच्या बाजूला बसलेय म्हणून सांगते, थोडं बजेट नेहमी असतं.

आता विकत घ्यायच्या ओळखीबद्दल. फेब्रुवारी २०२३ मध्ये ट्विटरने भारतात निळ्या खुणेचे मोबाईलवर महिना ९०० रुपये लावले, जूनमध्ये मेटाने ६९९. त्या ६९९ मध्ये काय मिळतं? खूण, आणि अडचण आली तर बोलायला माणूस. म्हणजे कलमबाग ताईंना जो माणूस सापडत नव्हता, तो आता दरमहा भाड्याने आहे. टंचाईत आधी माणूस काढला, मग तोच विकायला ठेवला. मला यातलं दुसरं पाऊल पहिल्याहून जास्त खुपतं.


पदरमोड · रविवार, सकाळी ८.३०

उशिरा वाचतोय. जुनी छोटी मराठी संकेतस्थळं का टिकली, यावर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मायबोली १९९६ पासून आहे. मिसळपाव २००७ चं, ऐसी अक्षरे २०११ चं. पहिल्याने डॉटकॉमची पडझड पाहिली, लेहमन पाहिली, कोविड पाहिला. कुणाही गुंतवणूकदाराला दहा वर्षांत शंभरपट करून द्यायचं वचन दिलेलं नसलं की मंदी आली काय आणि गेली काय, फार फरक पडत नाही.

मी आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांसाठी एक छोटा चर्चामंच चालवतो. साडेतीनशे सभासद. सर्व्हर आणि डोमेन मिळून वर्षाला बारा-तेरा हजार रुपये लागतात. आधी पदरचे घालत होतो, आता गुरुपौर्णिमेला सगळे पन्नास-शंभर पाठवतात आणि भागतं. दर रविवारी सगळ्याचा बॅकअप एका हार्ड डिस्कवर घेतो, ती डिस्क शाळेच्या कपाटात असते. दुसरी माझ्याकडे.

पण स्वप्नरंजन करणार नाही. नवे सभासद येत नाहीत. गेल्या वर्षी अकरा आले. रीलवाल्याला जे हवंय, अनोळखी लाखो माणसांनी बघणं, ते माझ्या मंचावर कधीच मिळणार नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्विटर सोडून कितीतरी लोक मॅस्टोडॉन या तशाच साइटवर गेले. तेव्हा ते एका जर्मन ना-नफा संस्थेचं होतं, वर्गणीवर चालणारं. त्यातले बरेच काही महिन्यांत परतले. माणसं जिथे आहेत तिथेच माणसं जातात.

म्हणून मी दोन्हीचं बघतो. बोलायला मोठ्या बाजारात जावं, पण जपायचं ते घरी आणावं. जुनीवही, तुमचे दोन भाग टंकून पाठवलेत तर मी माझ्या सर्व्हरवर कायमचे ठेवतो. गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून उरलेलं सांगून घेता आलं तर तेही. टंकायला मी मदत करेन.


जुनीवही · रविवार, सकाळी ९.१४

पदरमोड, पाठवते. गुरवांचे आजोबा अजून आहेत, त्यांना पालखीचा क्रम पाठ आहे. पुढच्या शनिवारी गावाला जाते.


दूरदेशी · रविवार, सकाळी ९.४०

एक भाग टंकायला मला द्या. इथली रात्र म्हणजे तुमची सकाळ, काम पुढे सरकत राहील.


गाळणी · रविवार, सकाळी १०.०२

शुद्धलेखन मी बघते. गावाकडचे शब्द तसेच ठेवू, सुधारायचे नाहीत.


कलमबाग · रविवार, दुपारी ३.२५

पदरमोड यांचं वाचून सकाळी एक काम काढलं. पाच वर्षांत ज्यांनी ज्यांनी आंबा घेतला त्या सगळ्यांची नावं आणि नंबर फोनमध्ये, ग्रुपमध्ये आणि त्या पेजच्या मेसेजमध्ये विखुरलेले आहेत. मुलाने वाचून दाखवले आणि मी दोनशे पानी वहीत उतरवले. नाव, नंबर, सोसायटी, किती पेट्या, कच्चा की तयार. दुपारपर्यंत २८६ झाले. बी-३०२ च्या आजोबांचं पान पहिलं केलंय. जेवणं आटोपली, आता पुढचे घ्यायला बसतो.